पाचव्या गड्याचा हिशेब



शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फक्कीने आखलेले मैदान उभे राहते. शिट्टी वाजते, पोरे सुटतात, आणि जो पहिला येतो त्याच्या गळ्यात पदक पडते. बाकीचे कोण कितवे आले हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही. आज मी ज्या शर्यतीविषयी बोलणार आहे तिचा कायदा जरा वेगळा आहे. पहिला कोण आला ह्याला तिच्यातही मान आहे. पण अजिंक्यपद कोणत्या शाळेला मिळायचे हे पुष्कळदा साठाव्या नाहीतर सत्तराव्या क्रमांकावर धापा टाकत येणारा मुलगा ठरवतो. ह्या शर्यतीला ‘क्रॉस-कंट्री’ म्हणतात. आपण तिला रानदौड म्हणू.

रानदौडीला आखलेले मैदान नसते. गवत, चिखल, चढ-उतार, झाडीतली पायवाट, जे वाटेत येईल ते तुडवीत जायचे. तिचा उगम इंग्लंडमधल्या शाळांतला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्रूजबरी आणि रग्बी येथील शाळांतली मुले ‘ससा आणि शिकारी कुत्रे’ असा खेळ खेळत. ससा झालेली मुले कागदाचे कपटे टाकीत पुढे पळायची आणि बाकीच्यांनी तो माग काढीत शेताबांधांवरून त्यांचा पाठलाग करायचा. त्या खेळाला पुढे नियम लागले, अंतर ठरले, आणि तो समुद्रापलीकडे अमेरिकेत गेला. आज हा खेळ शाळकरी मुलांमध्ये सर्वांत जोमाने कुठे वाढला असेल तर अमेरिकेतल्या हायस्कुलांत. चौदा ते अठरा वर्षांची दोन लाखांहून अधिक मुले आणि जवळजवळ तितक्याच मुली दरवर्षी शाळेच्या संघातून रानदौड धावतात. मुलींची एवढी संख्या पूर्वी नव्हती. १९७२ साली तिथे शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेद करू नये असा कायदा झाला आणि त्यानंतर मुलींचे संघ झपाट्याने वाढले. उन्हाळा सरला की मोसम सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या सुमारास बहुतेक राज्यांची अजिंक्यपदे ठरतात. अंतर बहुधा पाच किलोमीटर. चांगली मुले ते पंधरा-सोळा मिनिटांत आणि चांगल्या मुली सतरा-अठरा मिनिटांत कापतात.

मी काही धावपटू नव्हे. मला गोडी आहे ती शर्यत संपल्यावर भिंतीवर लागणाऱ्या कागदाची, म्हणजे निकालाच्या तक्त्याची. क्रमांक, नाव, इयत्ता, शाळा, वेळ, इतकेच त्यात असते. पण संख्याशास्त्र शिकवायला ह्याहून चांगला धडा मला पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडला आहे. आणि हा तक्ता नीट वाचता आला नाही तर त्यातून मुलांचे नुकसानही होते. त्याविषयी पुढे बोलेनच.

आधी नियम पाहू. प्रत्येक शाळेचे सात गडी धावतात. त्यांतल्या पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवायचे, आणि ज्या शाळेची बेरीज सर्वांत कमी ती शाळा जिंकली. पहिले पाचही क्रमांक एकाच शाळेने पटकावले तर एक, दोन, तीन, चार, पाच मिळून १५. ह्याहून चांगला गुणांक असूच शकत नाही. सहावा आणि सातवा गडी बेरजेत धरत नाहीत; पण ते दुसऱ्या शाळेच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात, म्हणजे त्यांचेही धावणे वाया जात नाही. दोन शाळांची बेरीज सारखी आली तर अमेरिकेतल्या शालेय नियमांप्रमाणे ज्यांचा सहावा गडी आधी आला ते जिंकतात. आणि पाच गडी पुरे पोहोचले नाहीत तर शाळेला गुणांकच नाही, मग तिचा पहिला गडी सगळ्या राज्यात पहिला आलेला का असेना.

आता पेन्सिल घ्या. दोन शाळा आहेत असे समजा, अ आणि ब. हिशेब सोपा राहावा म्हणून दोघींचे पाच-पाचच गडी धरू. अ शाळेची मुले पहिली, दुसरी, तिसरी, नववी आणि दहावी आली. ब शाळेची चौथी, पाचवी, सहावी, सातवी, आठवी. अ ची बेरीज २५, ब ची ३०. अ शाळा जिंकली. एक ते दहाची बेरीज ५५, ती विषम, म्हणून असा सामना बरोबरीत सुटूच शकत नाही. वर्गात मुलांना हे सांगून पाहा, कारण शोधायला त्यांना मजा वाटेल.

आता ह्याच शर्यतीत क नावाची तिसरी शाळा उतरली असे समजा. अ आणि ब च्या मुलांच्या वेळांत एका सेकंदाचाही बदल नाही. क ची पाच मुले ब च्या शेवटच्या मुलानंतर आणि अ च्या चौथ्या मुलाच्या आधी आली, म्हणजे नवव्यापासून तेराव्यापर्यंत. मग अ चे मागचे दोघे नववे-दहावे होते ते चौदावे-पंधरावे झाले. अ ची नवी बेरीज ३५. ब ची होती तेवढीच, ३०. क ची ५५. अजिंक्यपद ब शाळेला!

बघा काय झाले ते. क शाळा स्वतः शेवटची आली. अ आणि ब मधल्या कुणाचा वेग घटला नाही की वाढला नाही. तरी ढाल एका शाळेच्या कपाटातून निघून दुसरीच्या कपाटात गेली. गावच्या निवडणुकीत तिसरा उमेदवार उभा राहिला म्हणजे पहिल्या दोघांचे पारडे कसे वरखाली होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

अ शाळेचे तिन्ही पहिले गडी कुणाला हार गेले नाहीत. घात झाला तो मागच्या दोघांत. राज्याच्या मोठ्या शर्यतीत एका वेळी दीडशे-दोनशे मुले धावतात, तेव्हा ही गोष्ट फार तीव्र होते. आघाडीला मुले विरळ असतात. पहिला आणि दुसरा ह्यांच्यात दहा सेकंदांचे अंतर पडले तरी मध्ये कुणी नसते. पण मध्यावर गर्दी असते. दोनशे मुलांच्या वेळांचा आलेख काढला तर तो मधोमध फुगलेला, दोन्ही कडांना निमुळता, असा घंटेच्या आकाराचा साधारणपणे निघतो. समजा, पहिल्या आणि शेवटच्या मुलात चार मिनिटांचे अंतर आहे. मग ऐन गर्दीत दहा सेकंदांत पंधरा-सोळा मुले रेघ ओलांडून जातात. आता विचार करा. शिक्षकाने शाळेच्या पहिल्या गड्याचे दहा सेकंद कमी केले तर बेरजेत एक-दोन गुणांचा लाभ होईल. तेच दहा सेकंद पाचव्या गड्याचे कमी केले तर पंधरा गुणांचा. म्हणून अनुभवी शिक्षक निकाल पाहताना आधी आपला पहिला गडी कितवा आला हे पाहत नाहीत. आपल्या पहिल्या आणि पाचव्या गड्यांत किती सेकंदांचे अंतर पडले, ते आधी पाहतात.

ह्या हिशेबाचा एक मोठा दाखला शिकागोजवळच्या एल्महर्स्ट गावात आहे. तिथल्या यॉर्क हायस्कूलमध्ये जो न्यूटन नावाचे शिक्षक अर्ध्या शतकाहून अधिक काळ रानदौड शिकवीत होते. २०१६ साली ते निवृत्त झाले, २०१७ साली वारले. त्यांच्या हाताखाली त्या शाळेने इलिनॉय राज्याचे अजिंक्यपद २८ वेळा मिळवले. न्यूटन आपल्या संघातून कुणाला वगळत नसत. जो येईल त्याला घ्यायचे, मग तो जाडा असो की हळू. एकेका वर्षी शंभरावर मुले त्यांच्याकडे पळत. शर्यतीला उतरायचे सातच. मग एवढा लवाजमा कशाला, असे कुणी विचारील. उत्तर तक्त्यातच आहे. पहिला गडी दैवाने मिळतो. तो चौदाव्या वर्षीच उठून दिसतो, त्याला शोधावे लागत नाही. पाचवा गडी मात्र शंभर जणांत लपलेला असतो, आणि तो कोण हे दोन-तीन वर्षे गेल्याखेरीज कळत नाही. दारातूनच परत पाठवलेल्या मुलांत तो निघून गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही. न्यूटन ह्यांनी हा हिशेब मांडून तसे केले असे मी म्हणत नाही. ते मुळात प्रत्येक पोराला नावाने ओळखणारे गृहस्थ होते. पण त्यांची माया आणि हे गणित एकाच बाजूला होते, एवढे खरे.

आता बेरजेची आणखी एक गंमत सांगतो आणि मग क्रमांक सोडून वेळेकडे वळतो. तीन शाळा, प्रत्येकी तीन गडी. अ ची मुले दुसरी, चौथी, नववी. ब ची पहिली, सहावी, आठवी. क ची तिसरी, पाचवी, सातवी. तिघींची बेरीज १५, पूर्ण बरोबरी. ठीक आहे, म्हणून दोघीदोघींची तुलना करू. तिसरीची मुले तेवढ्यापुरती तक्त्यातून खोडायची आणि नवे क्रमांक घालायचे. अ आणि ब मध्ये ब जिंकते, १० विरुद्ध ११. ब आणि क मध्ये क जिंकते, १० विरुद्ध ११. मग क ने अ ला सहज हरवायला हवे ना? हिशेब करून पाहा. अ जिंकते, १० विरुद्ध ११! रामाने श्यामला हरवले, श्यामने गोविंदाला, आणि गोविंदाने रामाला. फ्रान्समधील काँदोर्से ह्या विद्वानाने १७८५ साली मतदानाच्या संदर्भात ह्याच जातीचे कोडे मांडले होते. तेव्हा ‘सर्वांत चांगली शाळा कोणती?’ ह्या प्रश्नाला प्रत्येक वेळी उत्तर असतेच असे नाही. नियम लावून ढाल देता येते, आणि ती द्यावीच. परंतु एका गुणाने ढाल हुकलेल्या शाळेत शोककळा पसरते, तेव्हा वरचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायला हरकत नाही.

क्रमांकाचा गुण असा की तो पाऊसपाण्यावर अवलंबून नसतो. चिखल झाला तर सगळ्यांनाच झाला. वेळेचे तसे नाही. न्यूयॉर्क शहरात व्हॅन कॉर्टलँड नावाचे मोठे उद्यान आहे. तिथली शाळकरी मुलांची जुनी वाट अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरची, आणि मध्ये टेकड्या. इलिनॉय राज्याची शर्यत पिओरिया शहरातल्या डेटवायलर उद्यानात होते. ती वाट तीन मैलांची आणि बरीचशी सपाट. कॅलिफोर्नियाची मुले फ्रेझ्नो येथे पाच किलोमीटर धावतात. ह्या तिघांच्या वेळा शेजारी मांडून ‘कोणता मुलगा सरस?’ असे विचारणे म्हणजे कोकणातल्या खाचराचे भात आणि माणदेशातल्या माळाची बाजरी एकाच मापाने मोजून शेतकऱ्याची परीक्षा करण्यासारखे आहे.

मग तुलना करायचीच नाही का? करता येते, आणि ती कशी करतात हे शेतकऱ्याला मुद्दाम समजावून सांगायला नको. अमक्याचे पीक चांगले की वाईट हे आपण एकट्या त्याच्या पोत्यांवरून ठरवत नाही. त्याच शिवारात, त्याच पावसात शेजाऱ्यांना किती झाले ते पाहतो. रानदौडीतही तेच. दोन्ही वाटांवर धावलेली मुले शोधायची. सपाट वाटेवर प्रत्येकाला किती वेळ लागला, टेकडीच्या वाटेवर किती, ह्यांतला फरक काढायचा. समजा, अशी पाच मुले सापडली आणि टेकडीवर त्यांना अनुक्रमे ३६, ३८, ४०, ४३ आणि १८३ सेकंद जास्त लागले. सरासरी काढली तर ६८ येते. पण ती सरासरी खोटी आहे, कारण पाचव्या मुलाचा बूट चिखलात रुतला आणि तो काढण्यात त्याची दोन मिनिटे गेली. त्या एका बुटाने सगळ्या टेकडीची उंची वाढवून ठेवली! म्हणून इथे सरासरी घ्यायची नाही. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घ्यायचा. त्याला संख्याशास्त्रात मध्यक म्हणतात. इथे तो ४०. बूट तीन मिनिटे रुतो की तीस मिनिटे, मध्यक हलत नाही. टेकडीची वाट ४० सेकंदांनी जड, असे धरून मग दोन्हीकडच्या मुलांची तुलना करायची. पाचांच्या ऐवजी पन्नास मुले सापडली तर विश्वास अधिक.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका अभ्यासकाने शालेय शर्यतींसाठी ह्याच तऱ्हेची वेगांकाची पद्धत बसवली आहे. पाच किलोमीटरच्या वाटेवर तीन सेकंदांना एक गुण असे तिचे माप आहे. तिची कल्पना मूळची घोड्यांच्या शर्यतींतली. तिथे पैजा लागलेल्या असतात, त्यामुळे वेळेचा हिशेब लोक फार आधीपासून काटेकोर ठेवीत आले. विद्या कोणत्या दारातून येईल सांगता येत नाही.

वाट एकच राहिली तर मात्र वर्षावर्षांची तुलना थोडीफार जमते. डेटवायलर उद्यानातल्या वाटेवर १९७२ साली क्रेग व्हर्जिन ह्या विद्यार्थ्याने तीन मैल १३ मिनिटे ५०.६ सेकंदांत कापले. हाच मुलगा पुढे १९८० आणि १९८१ साली रानदौडीचा जगज्जेता झाला. त्याचा शालेय विक्रम सत्तेचाळीस वर्षे टिकला. २०१९ साली तो मोडला, आणि तोही एका सेकंदाहून कमी फरकाने. मधल्या काळात बूट बदलले, आहारशास्त्र बदलले, वेळ मोजण्याची तऱ्हा बदलली. पूर्वी शेवटच्या रेघेपलीकडे दोरांची चिंचोळी वाट करीत आणि तिच्यातून येणाऱ्या मुलांच्या हातात एकेक क्रमांकाची काडी नाहीतर चिठ्ठी देत. आता छातीवरच्या कागदाला किंवा बुटाला चिप लावलेली असते, आणि ती रेघेवर आपोआप नोंद करते.

इथवर खेळ होता. आता तक्ता चुकीचा वाचला की काय होते, ते सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी इथे विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे.

एखादा मुलगा एका शर्यतीत आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा अर्धा मिनिट लवकर येतो. शिक्षक त्याची पाठ थोपटतात. पुढच्या शर्यतीत तो पुन्हा नेहमीच्या वेळेवर येतो. दुसरा एक मुलगा अर्धा मिनिट उशिरा येतो, शिक्षक त्याला फैलावर घेतात, आणि पुढच्या खेपेस तो सुधारतो. असे दहा वेळा पाहिले की शिक्षकाची खात्री पटते, ‘शाबासकीने पोरे बिघडतात, रागावल्याने सुधारतात.’ आपल्याकडे तर ह्या समजुतीवर पिढ्याच्या पिढ्या छडी चालली. पण आकडे तसे म्हणत नाहीत. प्रत्येकाची एक नेहमीची पातळी असते, आणि तिच्या आसपास त्या-त्या दिवसाचा योग: झोप, वारा, पोट, मन. फार चांगल्या दिवसानंतर बहुधा साधा दिवस येतो. फार वाईट दिवसानंतरही साधाच. तुम्ही शाबासकी दिली काय किंवा गप्प बसला काय, हे घडणारच होते. फ्रान्सिस गॉल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली आईबाप आणि मुले ह्यांच्या उंचीचे आकडे तपासून ही गोष्ट दाखवली. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने पाहता आईबापांइतकी नाहीत. छडीला जे श्रेय मिळाले त्यातले पुष्कळसे ह्या नियमाचे होते.

दुसरी गोष्ट मुलींची आहे, आणि ती जास्त गंभीर आहे.

अमेरिकेतल्या मुलांचे तक्ते इयत्तेप्रमाणे लावले तर नववीपासून बारावीपर्यंत वेळ बहुधा दरवर्षी कमी होत जाते. वयात येताना मुलाचे स्नायू वाढतात, छाती भरते. तो काही न करताही थोडा वेगवान होतो. मुलींचा तक्ता असा सरळ उतरत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली मोठमोठ्या शर्यतींत वरचे क्रमांक घेताना दिसतात, आणि त्यांतल्या कितीएक सोळाव्या-सतराव्या वर्षी अडतात, काही मागेही येतात. शरीर बदलत असते. कंबर रुंदावते, वजन वाढते. त्या नव्या शरीराला बळ यायला वर्ष-दोन वर्षे लागतात. तेवढा काळ धीराने घेतला तर पुष्कळ मुली पुढे कॉलेजात पूर्वीपेक्षाही चांगल्या धावतात.

पण ज्याच्या डोक्यात मुलांचा उतरता तक्ता बसला आहे, त्याने तीच पट्टी मुलीला लावली तर त्याला काय दिसेल? नववीत १८ मिनिटे, दहावीत १८ मिनिटे २० सेकंद, अकरावीत १८ मिनिटे ४०. ‘मुलगी आळसावली.’ ‘मुलीचे वजन वाढले, खाणे कमी करा.’ ही वाक्ये तिथे कितीतरी मुलींनी ऐकली आहेत. मुलगी मानी असते, ती खरोखरच खाणे कमी करते. आणि कधीकधी दोन-तीन महिने वेळ सुधारतेही, म्हणजे सल्ला देणाऱ्याला वाटते, आपण बरोबर होतो. त्यानंतर पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक चीर पडते, आणि ती मुलगी तक्त्यातून नाहीशी होते. कमी खाणे, पाळी थांबणे आणि हाडे झिजणे ह्या तीन दुखण्यांच्या साखळीला अमेरिकेतल्या क्रीडावैद्यांनी १९९२ साली स्वतंत्र नाव दिले. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ही व्याख्या आणखी विस्तारली आणि असे दुखणे मुलांनाही होते हे मान्य केले.

इथे तक्ता आणखी एक फसवणूक करतो. बारावीच्या मुलींची सरासरी वेळ काढली तर ती नववीच्या सरासरीपेक्षा चांगली निघू शकते, आणि मग कोणी म्हणेल, ‘बघा, मुली सुधारतातच की!’ पण त्या सरासरीत आहे कोण? ज्या टिकल्या त्या. ज्या अडल्या, दुखावल्या, किंवा कुणाच्या शब्दाने रडून घरी गेल्या, त्या बारावीच्या तक्त्यात नाहीतच. धान्य चाळून वर राहिलेले दाणे मोजायचे आणि सगळे पीक टपोरे आले म्हणायचे, तसला हा प्रकार. खरे उत्तर हवे असेल तर नववीच्या प्रत्येक मुलीचे नाव धरून ती पुढे कुठे गेली हे पाहत गेले पाहिजे. काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग नाही.

रानदौड आपल्याला अगदीच परकी नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी कोसकोस चालत-पळत शाळेला जात. सैन्यात गेल्यावर २०१५ साली ते सैन्यातल्या रानदौडीत उतरले, तिथून अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी तीन हजार मीटरच्या त्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. तेव्हा आपल्या खेड्यांत वाट आहे, पाय आहेत. उणीव असलीच तर ती तक्ता ठेवण्याची.

तो ठेवायला खर्च नाही. शेजारच्या दोन गावांच्या शाळांना बोलवा. प्रत्येक शाळेची पाच मुले किंवा पाच मुली घ्या. सुगी संपलेल्या शेतांतून, ओढ्याकाठाने दोन-तीन किलोमीटरची वाट ठरवा. ऊन चढायच्या आत शर्यत उरका आणि वाटेत पाण्याची सोय ठेवा. शेवटी दोन दोर ताणून चिंचोळी वाट करा. वहीच्या कागदाच्या एक ते पंधरा आकड्यांच्या चिठ्ठ्या करून सातवीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलीच्या हाती द्या, म्हणजे येणाऱ्याला ती एकेक देत जाईल. दुसऱ्याने घड्याळ पाहून वेळ पुकारावी, तिसऱ्याने लिहावी. तक्त्यात नाव, इयत्ता, शाळा, क्रमांक, वेळ हे रकाने असू द्या, आणि शेवटी एक रुंद रकाना कोरा ठेवा. ‘काल ताप होता’, ‘सकाळी न जेवता आली’, ‘चप्पल तुटली’, हे त्यात लिहायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा धावा, मग मध्यक काढता येईल. बेरजा मुलांनाच करू द्या. तीन शाळांच्या बेरजा एकत्र केल्या की १२० यायला हव्यात. आल्या नाहीत तर कुणाची तरी चिठ्ठी खिशातच राहिली आहे, तेव्हा खिसे तपासावेत.